गाडीतला फ्रीज आणि आतेचं इन्सुलिन

आधी माफी मागतो, मग भांडतो. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

तीन वर्षांपूर्वी जुलैत आंबोलीला गेलो होतो. बातमीसाठीच. धबधब्यावरची गर्दी, बाटल्यांचा खच, वाहतुकीचा चुथडा, म्हणजे दरवर्षीचीच बातमी, फक्त तारीख बदलायची. तिथे रस्त्याकडेला पुणे पासिंगची एक गाडी उभी होती. टपावर तंबू, मागचा दरवाजा उघडा आणि आत चक्क फ्रीज. सुटकेसएवढा, वरून उघडणारा, बारीक आवाजात गुरगुरत होता. नवरा-बायको आणि एक पोरगा. शेजारी मक्याची कणसं भाजणारा म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडयेत फ्रीज? मगे चूल पण घेवन येवा!"

मला आयता मथळा मिळाला. घरी येऊन पोस्ट ठोकली. माज, चंगळवाद, निसर्गात येऊन पण यांना थंडगार बिअर लागते, आमच्या वाड्यांवर प्यायला पाणी नाही आणि यांचे फ्रीज गाडीतून फिरतायत वगैरे वगैरे. तुम्ही मंडळींनीही डोक्यावर घेतलीत. माझ्या कुठल्याच पाणीटंचाईच्या बातमीला एवढे लाइक कधी मिळाले नव्हते.

त्या पोस्टखाली एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझ्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे. नऊ वर्षांचा आहे. असा डबा घेतला म्हणून दोन वर्षांनी पहिल्यांदा मुक्कामी फिरायला जाऊ शकलो.' त्या आंबोलीतल्याच बाई होत्या की दुसऱ्या कोणी, मला माहीत नाही. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढे गेलो. फ्रीजमध्ये काय आहे हे त्या कुटुंबाला विचारायचीही तसदी मी घेतली नव्हती. वीस वर्षं बातमीदारी करणाऱ्या माणसाने! तर त्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा.

आता भांडण.

गेल्या गणपतीत माझी आते लालबागहून गावी आली. वय ७१. मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दहा दिवसांचा मुक्काम, म्हणून नवीन सीलबंद बाटल्या बरोबर घेतलेल्या. ही बाई व्यवस्थित आहे हो. तिने काही निष्काळजीपणा केला नाही. उलट काळजी केली, तीच नडली. निघायच्या दिवशी फ्रीझरमधली आईस पॅकची दोन पाकिटं काढली, दगडासारखी कडक. त्यांच्या मधोमध बाटल्या ठेवल्या, वरून फडकं गुंडाळलं, स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. रात्रभराचा प्रवास, वर माणगावच्या अलीकडे नेहमीचा खोळंबा. घरी पोचल्यावर डबा उघडून मला दाखवला, अजून गारच होता. "बघ रे, गार ऱ्हवाक होया म्हणान बरफाची पाकिटां लावलंय मां. तुका काय वाटला, मी तशीच हाडलंय?"

तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. सतत तहान, सतत लघवी, जीभ कोरडी ठाक. ग्लुकोमीटरवर ४३०. इंजेक्शन तर वेळेवर घेत होती. तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी बाटली मागवली, उजेडात धरली, तळहातावर फिरवली आणि म्हणाले, हे गोठलेलं आहे. आत दह्यासारखे कण होते, फिरवून मिसळत नव्हते. म्हणजे तीन दिवस ती पोटात सुई टोचून घेत होती ती जवळपास पाण्याची. गणपतीचे चार दिवस तिने सलाईन बघत काढले. आरतीचा आवाज फोनवरून ऐकवला.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. गरम झालं की त्याची ताकद हळूहळू जाते. पण गोठलं की ते गेलंच, परत वितळवून उपयोग नाही. आणि पांढरट, ढवळून घ्यायचं इन्सुलिन निदान कण दाखवतं. पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं जे असतं ते गोठून वितळल्यावरही स्वच्छच दिसू शकतं. माणसाला कळतच नाही. ही गोष्ट आतेला कोणी सांगितली नव्हती. ३० वर्षांत! 'थंड ठेवा' एवढंच सगळे सांगतात. किती थंड, कशात थंड, प्रवासात कसं, ते ज्याचं त्याने बघावं.

मग मी तेच केलं जे आजकाल सगळे करतात. मोबाईल उघडला आणि विकत घ्यायला काय मिळतं ते शोधलं. पाच-सहा हजारांत 'कार फ्रीज', 'मिनी फ्रीज', 'हॉट अँड कूल'. खोक्यावर बर्फाचे तुकडे, आइस्क्रीम, हसणारं कुटुंब, आणि कोपऱ्यात औषधाच्या बाटलीचं चित्र. मागवला.

मंडळी, हा फ्रीज नाही. याच्या आत कॉम्प्रेसर नसतो, गॅस नसतो. एक चपटी चकती असते, वीज सोडली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. फ्रान्सच्या पेल्टिए नावाच्या माणसाने १८३४ साली दाखवलेला परिणाम, त्यात खोटं काही नाही. पण ही चकती बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंश खाली नेते, त्यापलीकडे तिची धाव नाही. म्हणजे बाहेर २२ असेल तर आत पाच होईल, आणि तुम्ही खूश. बाहेर ३८ असेल तर आत २० च्या आसपास. हे खोक्यावर कुठे आहे? आहे. तळाला, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात.

मी एका पोल्ट्रीवाल्या मित्राकडून थर्मामीटर आणला आणि चार दिवस मोजत बसलो. घरात ३१ अंश असताना तीन तासांनी आत १५. दुपारी गाडी उन्हात उभी केली, आतली हवा ४७ झाली, तेव्हा डब्यात २९. दोन्ही वेळा डब्यावरचा निळा दिवा तितक्याच आत्मविश्वासाने पेटलेला. त्या दिव्याचा आणि तापमानाचा संबंध नाही. वीज चालू आहे एवढंच तो सांगतो. आणखी गंमत म्हणजे या डब्याला एक खटका असतो. तो इकडून तिकडे केला की तीच चकती उलटी चालते आणि डबा गरम होतो, जेवण गरम ठेवायला. सामान इकडे तिकडे सरकवताना तो खटका पडला तर? तुमचं औषध शिजलं.

चौथ्या दिवशी रात्री गाडी बंद करून डबा चालूच ठेवला, बघू म्हटलं. सकाळी गाडी सुरूच होईना. वाडीतल्या पोरांनी धक्का मारला आणि दिवसभर माझी टर उडवली. हिशेब साधा आहे. डबा चार-साडेचार अँपिअर ओढतो, न थांबता. छोट्या गाडीची बॅटरी ३५-४० अँपिअर-अवरची. आठ तासांत खेळ खलास.

खरा गाडीतला फ्रीज वेगळा. त्यात घरच्यासारखा कॉम्प्रेसर असतो, १२ व्होल्टवर चालणारा. हवं ते तापमान गाठलं की तो थांबतो, वाढलं की परत सुरू होतो, त्यामुळे बॅटरी कमी खातो. गाडीची बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद होण्याची सोय त्यात असते. आंबोलीतला तो हाच. पर्यटकांच्या गाड्या चालवणाऱ्या एका दोस्ताकडे आहे, त्याच्याकडून दोन दिवस आणून तोही मोजला. उन्हातसुद्धा लावलेलं तापमान सोडलं नाही. पण हा पठ्ठ्या उणे १८ पर्यंतही जातो. मासळीसाठी लावलेला आकडा तसाच राहिला आणि आत इन्सुलिन ठेवलं, तर आतेच्या डब्यात झालं तेच इथेही, फक्त महागात. औषधासाठी घेणाऱ्यांनी आकडा ४-५ वर ठेवावा, बाटली भिंतीला चिकटवू नये, आणि आत एक स्वस्तातला वेगळा थर्मामीटर टाकावा. परवडत असेल तर जरूर घ्या. मी आता तुम्हाला हसणार नाही.

पण परवडण्याचाच प्रश्न आहे. हा बरा फ्रीज वीस हजारांच्या पुढे जातो. आणि समजा पैसे आहेत, तरी तो लावायचा कुठे? गाडीत. गाडी कोणाकडे आहे? माझी आते लक्झरीच्या बसने आली. लाखो चाकरमानी जादा एसटीने येतात, रेल्वेच्या दाराशी बसून येतात. सीटजवळचं मोबाईल चार्जिंग असलं तरी दहा-बारा वॅटचं, त्यावर फ्रीज काय, पंखाही धड फिरत नाही.

म्हणून माझं भांडण आंबोलीच्या त्या कुटुंबाशी नाही. भांडण या विचाराशी आहे की प्रवासातलं औषध थंड ठेवणं हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. रस्ता होत नाही? मोठी गाडी घ्या. वाटेत स्वच्छ संडास नाही? घरून आवरून निघा. पाणी नाही? बाटली घ्या. इन्सुलिन खराब होतं? फ्रीज घ्या. प्रत्येक सार्वजनिक भोकाला एक खासगी ठिगळ, आणि ज्याच्याकडे ठिगळाचे पैसे नाहीत त्याने सलाईन लावून घ्यायचं.

रस्त्याबद्दल तर बोलायलाच नको. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर आज मतदान करतं. मुंबईहून कणकवली सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. एरवी रात्री निघून सकाळी पोचावं. गणपतीत पंधरा-सोळा तास लागले तर आम्ही 'यंदा बरं होतं' म्हणतो. प्रवास आठ तासांचा असता तर निम्म्या लोकांना असल्या डब्यांची गरजच पडली नसती, साधी गार पिशवी पुरली असती. गाडीतल्या फ्रीजचा खप हा काही अंशी आमच्या महामार्गाचा अहवालच आहे. असो, त्यावर मी इतकं लिहिलंय की आता मलाच कंटाळा आला.

कोणी म्हणेल, अहो किती लोकांचा प्रश्न आहे हा? आयसीएमआरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक. आणि प्रमाण सगळ्यात जास्त कुठे? गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे हा आमचा रस्ता ज्या राज्यात उतरतो, तिथे प्रौढांमध्ये चारातला एक. सगळेच काही इन्सुलिनवर नसतात, हे मान्य. पण गणपतीच्या कुठल्याही बसमध्ये उभे राहून विचारा, निम्म्या पर्समध्ये गोळ्या आणि दोन-तीन पर्समध्ये सुया निघतील.

दुसरा आक्षेप डॉक्टर मित्रांचा असतो आणि तो रास्त आहे. वापरात काढलेली बाटली किंवा पेन साधारण महिनाभर फ्रीजबाहेर चालतं, मग एवढा गोंधळ कशाला? चालतं, पण २५-३० अंशांच्या खाली, आणि नेमकी मर्यादा ज्याच्या त्याच्या औषधाच्या कागदावर असते. उन्हात उभ्या बसची डिकी २५ अंशांची नसते. खिडकीतल्या पर्सवर ऊन येतं. आणि जो माणूस दहा दिवस किंवा अख्खा मे महिना गावी येतो तो जादा बाटल्या घेऊनच येतो, कारण वाडीत औषधाचं दुकान नाही. 'मडक्यात ठेवा' हा सल्लाही सर्रास दिला जातो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मडकं कमाल करतं. आमच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, तर मडकं गार होणार कसं? सल्ला देणाऱ्याने निदान हवा बघावी.

आता मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते ते सांगतो. आपल्याला हे करता येत नाही असं अजिबात नाही.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीचा निळा डबा निघतो. त्यात चार आईस पॅक. नर्सबाई तो डबा घेऊन होडीने, जीपने, शेवटी पायी, शेवटच्या वाडीपर्यंत जातात. संध्याकाळी परत. लस खराब होत नाही. वीज नाही, कॉम्प्रेसर नाही, निळा दिवा नाही. मी एका सिस्टरना विचारलं, तुमच्या लसी गोठत कशा नाहीत? त्या हसल्या. म्हणाल्या, "फ्रीझरमधनं काढलेला पॅक लगेच डब्यात घालायचाच नाही भाऊ. बाहेर ठेवायचा. घाम सुटला पाहिजे त्याला. मग कानाजवळ नेऊन हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की घालायचा." झालं. एवढंच. आतेला हे एक वाक्य माहीत असतं तर ती आरतीला घरी असती.

हे ज्ञान सरकारकडे कित्येक वर्षं आहे. प्रशिक्षणात शिकवलं जातं. पण ते लसीच्या डब्याबरोबर निघतं आणि डब्याबरोबर परत कपाटात जातं. प्रवाशापर्यंत येत नाही, कारण प्रवासी हा आरोग्य खात्याचा नाही आणि औषध हे परिवहन खात्याचं नाही.

आणि मासळीचं बघा. परतीच्या प्रवासात प्रत्येक बसमध्ये थर्माकोलच्या पेट्या असतात. बांगडा, सुरमई, कोळंबी. वर-खाली बर्फाचा चुरा, चिकटपट्टीने सील. रात्रभर जातात, सकाळी दादरला ताजी फडफडीत. बर्फ कुठे मिळतो, पेटी कुठे, किती तासांना किती बर्फ, सगळी व्यवस्था गावाला पाठ आहे. पेटी गळली तर कंडक्टर ओरडतो तेवढंच. बांगड्याला एवढी सोय आणि इन्सुलिनला पर्सचा कप्पा!

म्हणून मागणी काय आहे ते स्पष्ट लिहितो. फार पैशांची नाही.

महामार्गावरच्या मोठ्या बसस्थानकांत आणि रेल्वे स्टेशनांवर, निदान शिमगा, मे महिना आणि गणपती या तीन हंगामांत, एक औषधाचा फ्रीज आणि बदलून मिळणारे आईस पॅक ठेवा. माझा वितळलेला द्या, नीट तयार केलेला घ्या, पुढे चला. गणपतीत रस्त्यावर मदत केंद्रं उभी राहतात, तिथे चहा असतो, वैद्यकीय पथक असतं, पुढाऱ्यांचे फोटो तर असतातच. त्याच तंबूत हे बसतं. सिस्टरांचं ते एक वाक्य मराठीत छापून तिकीट खिडकीशेजारी चिकटवा.

औषध दुकानदार मित्रांना वेगळी विनंती. इन्सुलिन विकायचं तर तुमच्याकडे फ्रीज असतोच. स्थानकासमोरच्या दुकानांनी प्रवाशाला दहा मिनिटं पॅक बदलून दिला तर तुमचं काही जाणार नाही. आणि बाटली देताना 'गोठवू नका' हे तोंडाने सांगा. वेष्टनावर लिहिलंय हे उत्तर नको, माझी आते चष्मा लावूनही ते वाचू शकत नाही.

तिसरी मागणी विकणाऱ्यांकडून आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं ज्यांचं काम आहे त्यांच्याकडून. त्या चकतीच्या डब्याला फ्रीज म्हणणं बंद करा. 'बाहेरच्या हवेपेक्षा इतके अंश कमी, औषधासाठी नाही' असं मोठ्या अक्षरात, मराठीत, खोक्याच्या पुढच्या बाजूला छापा. बिअर कोमट राहिली तर गिऱ्हाईक शिव्या घालून गप्प बसेल. औषधाच्या बाटलीचं चित्र छापताना मात्र जबाबदारी घ्या.

विकणाऱ्याकडे मी तक्रार केली होती. उत्तर आलं की उत्पादन 'अपेक्षेप्रमाणे काम करत आहे', आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. तो डबा आता आमच्या घरी आहे. बायको त्यात अबोलीच्या वेण्या ठेवते. त्या कामाला उत्तम आहे.

आते बरी आहे. यंदाही येणार म्हणते. फोनवर मी तिला तीनदा पॅक हलवायला लावला. शेवटी वैतागून म्हणाली, "आयकलंय रे, डुचमळता हा!"

निवेदन तयार आहे, दीड पानाचं. एक प्रत आगारात, एक आरोग्य खात्याला, एक स्टेशनमास्तरांना. सोमवारी सकाळी ११ वाजता बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर मी बसलेला असेन. सही करायची असेल त्यांनी या. घरात कोणी इन्सुलिनवर असेल तर प्रवासात काय झालं ते दोन ओळींत कागदावर लिहून आणा, निवेदनाला जोडू. पुढाऱ्यांनी यायची गरज नाही, फोटोग्राफर नाहीये.